धरसोड म्हणू की शक्यतांची नजर? नणंदेचं डोकं समजून घ्यायचंय

रामबागेतली | २१ मे

बरेच दिवस वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतेय.

इंदूरला रामबागेत आमचं घर. सासूबाईंनी सुरू केलेला मसाल्यांचा घरगुती धंदा आता मी आणि माझी धाकटी नणंद मिळून बघतो. ती सुदामा नगरला राहते, सकाळी साडेनऊला येते, मुलगा शाळेतून यायच्या वेळी जाते. मुख्य माल जिरावण. बाहेरगावच्यांसाठी सांगते, इंदुरात पोह्यांवर सेंव-कांदा पडला की वरून जी तपकिरी भुकटी भुरभुरतात ती. सियागंजातून खडा मसाला आणायचा, निवडायचा, ऊन द्यायचं, एकेक जिन्नस वेगळा भाजायचा. प्रमाण सासूबाईंच्या वहीत आहे आणि मी त्यात चिमटीचाही फरक करत नाही.

मागच्या मंगळवारी बडीशेप भाजत होते. बडीशेप फसवी. रंग बदलायच्या आधी तिचा वास बदलतो, आणि त्या वासाला कढई उतरवली नाही तर सगळा घाणा कडवट होतो. नणंद शेजारी धणे चाळत होती. वास आला तशी चाळणी थांबली. म्हणाली, "वहिनी, हे आइस्क्रीमवर कसं लागेल गं?" मग पेरूवर. मग ताकात. मग इंदूर-पुणे गाडीत चढणाऱ्यांसाठी एका वेळेपुरती पुडी. मग पुडीच्या मागे मुलांसाठी कोडं. मग मालव्यातल्या सगळ्या भुकट्यांचा एक डबा. मग डबा कशाला, माहेरवाशिणीला द्यायची लाकडी पेटीच का नको. कढई उतरायच्या आत सात कल्पना झाल्या. मी मोजल्या, कारण माझं लक्ष तुटत होतं आणि मला राग येत होता. शेवटी म्हटलं, "आधी ते धणे संपव." तिचा चेहरा खर्रकन उतरला. धणे संपवले, पण दिवसभर एक शब्द बोलली नाही.

हे नेहमीचं आहे. दोन वर्षांपूर्वी तिच्याच उत्साहाने चिवड्याच्या डब्यांसाठी ४०० लेबलं छापून घेतली होती. ती माळ्यावर आहेत. चिवडा झाला नाही.

पुतणीने कॉलेजात शिकलेली व्यक्तिमत्त्वाची चाचणी घरी सगळ्यांकडून करून घेतली. नणंदेचं आलं ईएनएफपी, माझं आयएसटीजे. पुतणी म्हणते, आत्याची "एक्स्ट्राव्हर्टेड इंट्यूशन" पहिल्या नंबरवर आहे, तिचा मेंदूच तसा चालतो. मला प्रामाणिकपणे विचारायचंय. अशी विचार करण्याची खरंच एक पद्धत असते का, की धरसोडीला दिलेलं हे चांगलं नाव आहे? ती मला फार आवडते. म्हणूनच विचारतेय.

---

चतकोर | २१ मे

आइस्क्रीमवर जिरावण? पत्ता द्या, संध्याकाळी पोचतो.

---

आडकित्ता | २१ मे

ताई, थोडं मुळापासून सांगतो, कारण इंटरनेटवर या विषयाचा फार चोथा झालेला आहे.

कार्ल युंग या स्विस मनोविकारतज्ज्ञाने १९२१ साली मानसिक प्रकारांवरचा आपला ग्रंथ जर्मनमध्ये काढला. मनाची चार कामं त्याने मानली: संवेदन, अंतःप्रज्ञा, विचार, भावना. पहिली दोन माहिती आत घेतात, पुढची दोन तिचा निवाडा करतात. प्रत्येक काम बाहेर तोंड करून चालतं किंवा आत वळून. चार दुणे आठ. पुढे अमेरिकेत कॅथरीन ब्रिग्ज आणि तिची लेक इसाबेल मायर्स या दोघींनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यावरून प्रश्नावली बांधायला घेतली. तीच एमबीटीआय, तेच सोळा प्रकार आणि चार अक्षरं.

आता तुमची कढई घ्या. संवेदन म्हणजे समोर जे आहे ते: बडीशेप, तिचा रंग, आच. अंतःप्रज्ञा म्हणजे समोर जे आहे त्यातून काय काय होऊ शकेल ते. युंगच्या मते ही ओळख अबोध मनातून येते, म्हणून माणसाला ती "कुठून सुचलं" हे सांगता येत नाही. आणि ती बहिर्मुख असली (तुमची पुतणी म्हणते ती "एक्स्ट्राव्हर्टेड इंट्यूशन" हीच) की तिला बाहेरची वस्तू लागते. तुमच्या नणंदेला रिकाम्या खोलीत बसवून "नवीन काही सुचव" म्हणा, कदाचित ती गप्प बसेल. तिला वास आला आणि तिथून फांद्या फुटल्या. हे फार नेमकं लक्षण आहे, आणि ते तुम्ही स्वतःच टिपलंय.

एक गोंधळ टाळा. चार अक्षरांत एन, म्हणजे अंतःप्रज्ञा, असला म्हणजे सगळे सारखे नाहीत. शेवटचं अक्षर "पी" असेल तर माहिती घेणारं काम बाहेर वळलेलं, "जे" हे अक्षर असेल तर निवाडा करणारं. म्हणून ईएनएफपी आणि ईएनटीपी यांच्यात बहिर्मुख अंतःप्रज्ञा पहिली, आयएनएफपी आणि आयएनटीपी यांच्यात दुसरी. आयएनएफजे, आयएनटीजे यांच्यात ती आत वळलेली असते. त्यांचं उलट चालतं. दहा गोष्टी बघून त्या एका चित्रापाशी येऊन थांबतात. तुमची नणंद एका गोष्टीपासून दहांकडे निघते.

तुमच्या आयएसटीजेत पहिलं काम अंतर्मुख संवेदन. आत्ताचा अनुभव जुन्या, साठवलेल्या अनुभवाशी पडताळून बघणं. सासूबाईंच्या घाण्याचा वास तुमच्या नाकात जपलेला आहे, त्यावरूनच तर कढई वेळेत उतरते. ते काम चालू असताना कानाशी सात कल्पना येणं म्हणजे सूर लावताना शेजारी दुसऱ्याने तानपुरा जुळवायला घेण्यासारखं आहे. तुमचा राग मला पूर्ण समजतो.

आणि हो, धरसोड युंगलाही दिसली होती. या प्रकाराबद्दल त्याची तक्रार अशी की हा माणूस शेत पेरतो आणि पीक उभं राहायच्या आत दुसऱ्या शेताकडे धावतो, कापणी इतरांच्या वाट्याला. तुमची ४०० लेबलं शंभर वर्षांपूर्वीच लिहून ठेवली आहेत त्याने.

---

गणितमास्तर | २१ मे

आडकित्ता छान लिहितात, पण मला हे पटत नाही आणि का ते सांगतो.

१९४८ मध्ये बर्ट्राम फोरर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आपल्या ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाच्या हातात "तुझं वर्णन" ठेवलं. किती जुळतं त्याला पाचपैकी गुण द्या म्हणाला. सरासरी आली ४.२६. मग कळलं की सगळ्यांना एकच मजकूर दिला होता आणि वाक्यं भविष्याच्या एका पुस्तकातून उचललेली होती. "तुमच्यात खूप क्षमता आहे पण ती पूर्ण वापरली गेलेली नाही", या वाक्याला नाही कोण म्हणेल?

दुसरं. माणसं दोन ढिगांत पडत नाहीत. पाच फूट पाच इंचांवरचे सगळे उंच आणि खालचे सगळे बुटके, अशी रेघ मारली तर बहुतेक लोक रेघेच्या आसपासच सापडणार. मग आज उंच, पुन्हा मोजलं की बुटके. या चाचणीत काही आठवड्यांनी पुन्हा बसलेल्यांचं एखादं अक्षर पालटतं ते याचमुळे. ताई, अक्षरांवरून नणंदेला ओळखू नका. तुम्ही तिला रोज साडेनऊपासून बघताय.

---

आडकित्ता | २१ मे

@गणितमास्तर, ढिगांबद्दल शंभर टक्के सहमत. युंगनेही पुढे एका प्रस्तावनेत लोकांना अशी लेबलं चिकटवण्याला पोरखेळ म्हटलंय. पण रेघ चुकीची असली म्हणून उंची खोटी ठरत नाही. १९८९ मध्ये मॅक्रे आणि कोस्टा या संशोधकांनी एमबीटीआय आणि स्वभाव पाच पट्ट्यांवर मोजणारं पाच घटकांचं प्रतिमान शेजारी ठेवून तपासलं, तेव्हा एस-एन, म्हणजे संवेदन-अंतःप्रज्ञा, ही पट्टी "अनुभवांबद्दलचा खुलेपणा" या घटकाशी चांगली जुळलेली दिसली. काहींचं मन एका वस्तूपासून दूरवर भटकतं, काहींचं वस्तूपाशी राहतं. मधले बरेच. एवढं तरी मोजता येतं.

---

गणितमास्तर | २१ मे

खुलेपणा मान्य. पण "पहिलं काम, दुसरं काम, चौथं काम" ही उतरंड मान्य नाही, त्याला तसा पुरावा नाही. कप्पे म्हणून नव्हे, बोलायची सोय म्हणून वापरा.

---

लष्करवाला | २२ मे

ग्वाल्हेरहून. सिद्धांत मला कळत नाहीत, पण आमच्या लग्नाला ३८ वर्षं झाली आणि आमची मंडळी अगदी तुमच्या नणंदेसारखी.

पहिली दहा वर्षं मी फार चूक केली. ती म्हणायची, "परसदारची खोली पाडून तिथे पाळणाघर काढलं तर?" मी लगेच गवंड्याचा हिशेब मांडून खर्च परवडत नाही हे सिद्ध करायचो. तिला वाटायचं मी तिला मूर्ख ठरवतोय. मला वाटायचं ही उद्या खरंच भिंत पाडणार. दोघं रात्री न बोलता जेवायचो.

एकदा तिचे काका दतिया​हून आले होते. असाच वाद चालू असताना त्यांनी तिला सहज विचारलं, "बेटा, तू हे बोलतेयस की करतेयस?" ती म्हणाली, "नुसतं बोलतेय." मी अवाक. दहा वर्षं मी नुसत्या बोलण्याशी भांडत होतो! तेव्हापासून घरात हा एकच प्रश्न आहे. "बोलतेय" म्हणाली की मी वर्तमानपत्र बाजूला ठेवतो, चहा घेतो आणि मजेत ऐकतो, कधी स्वतःची एखादी जोडतो. "करतेय" म्हणाली की कागद-पेन्सिल. ३८ वर्षांत "करतेय" फार तर दहा वेळा आलं असेल. त्यातलं पाळणाघर नव्हतं. पण शिकवण्या होत्या, आणि मुलीच्या शिक्षणाचा निम्मा खर्च त्यातून निघाला.

---

चतकोर | २२ मे

काका, हा प्रश्न आजच फ्रिजवर चिकटवतो.

---

भटकी_मैना | २२ मे

मी त्या बाजूची. लग्नपत्रिका आणि पाकिटांची डिझाइनं करते. आतून कसं वाटतं ते सांगते, कारण बाहेरून त्याचा अर्थ नेहमी "हिचं लक्ष नाही" असा लावला जातो.

परवा एका गिऱ्हाइकाच्या आजींची महेश्वरी साडी समोर होती. काठावर लाटांसारखी नक्षी. ती बघताना मला काठ दिसलाच नाही. नर्मदेचा घाट दिसला, घाटाच्या पायऱ्या दिसल्या, पायऱ्यांसारखी उलगडणारी पत्रिका दिसली, आणि प्रत्येक पायरीवर एक विधी: हळद, सीमांतपूजन, लग्न. हे सगळं मी "विचार करून" काढलेलं नाही. दार उघडल्यावर बाहेरचा गोंगाट आत यावा तसं ते येतं, एकदम. आणि त्यातलं कुठलं चांगलं हे त्या क्षणी मला ठाऊक नसतं. ते मला बोलल्यावर कळतं. म्हणून मी बोलते. समोरच्याने लगेच कामाला लागावं अशी माझी अपेक्षा नसते. बोलणं ही माझी चाळणी आहे.

रामबागेतली, तुमच्या नणंदेचा चेहरा का उतरला ते मला नक्की माहीत आहे. "हे होणार नाही" ऐकलं असतं तर तिने वाद घातला असता. "आधी धणे संपव" म्हणजे तिच्या कानाला "तू कामचुकार आहेस" असं ऐकू आलं. माझ्या आधीच्या नोकरीत रोज हेच ऐकलं. तिथे बैठकीत नवीन बोललं की साहेब घड्याळाकडे बघायचे. सहा महिन्यांनी मी बोलणं बंद केलं आणि मग सुचणंही बंद झालं. ते दिवस आठवले तरी मला गुदमरतं.

दुसरी बाजूही सांगते. भूक लागलीय हे मला दुपारी साडेतीनला कळतं, हात थरथरायला लागल्यावर. दाढ दोन महिने ठणकत होती, मी वेड्यासारखी कामात. विजेचं बिल नवरा भरतो. समोरचं, अंगाचं, आजचं, हे सगळं मला नीट दिसत नाही. ते बघणारं माणूस जवळ असलं तर मी जगते, हे मी मनापासून लिहितेय.

---

कान्हकाठ | २२ मे

अवांतर: ताई, तुम्ही जिरावणात बडीशेप इतकी महत्त्वाची धरता म्हणजे तुमचं घराणं वेगळं. आमच्याकडे जिरं आणि धणे पुढे, बडीशेप मागे. सुंठ घालता का? जायफळ? काळं मीठ भाजून घालता की कच्चं?

---

रामबागेतली | २२ मे

@कान्हकाठ, सुंठ हो, जायफळ अगदी किसभर, काळं मीठ कोरडं करून सगळ्यात शेवटी. आमचूरही शेवटी, गॅस बंद झाल्यावर. पुढचं सासूबाईंच्या वहीत आणि वही कपाटात.

---

विश्वामित्रीकाठी | २३ मे

वडोदऱ्याहून. तुमच्याच गावचं एक उदाहरण देते. चित्रकार ना. श्री. बेंद्रे इंदूरचे, जन्म १९१०. इंदूरच्या कलाशाळेत देवळालीकर मास्तरांच्या हाताखाली शिकले आणि १९५० मध्ये आमच्या ललित कला विद्याशाखेत शिकवायला आले. त्यांचं काम क्रमाने बघितलं तर निसर्गचित्रं, मग क्युबिझमच्या वळणाची, मग अमूर्त, मग पुढे ठिपक्याठिपक्यांनी रंगवलेली. कुणी म्हणेल, एक शैली धरून का नाही बसले? पण ती धरसोड मला वाटत नाही. हात तोच, रंगाचं भान तेच. दर वेळी रंगाला "तू अजून काय होऊ शकतोस" असं विचारणं आहे ते. त्यांच्या वर्गातून गेलेल्या मुलांच्या चित्रांत एक साचा दिसत नाही, आणि मला वाटतं ते याचमुळे.

ताई, तुमच्या नणंदेच्या सात कल्पना मी पुन्हा वाचल्या. पेरू, ताक, गाडीतली पुडी, माहेरची पेटी. सगळ्या जिरावणाच्याच आहेत! एकदाही ती म्हणाली नाही की चला मसाला सोडून साड्या विकू. धरसोडीत आधीचं सुटतं. इथे काही सुटलेलं नाही.

---

टेकडीखालचा | २३ मे

देवासहून. विश्वामित्रीकाठींचा मुद्दा आवडला, पण मला या चर्चेत एक उणीव दिसते. शक्यता दिसायला नुसतं भिरभिरणारं मन लागतं असं सगळे धरून चाललेत.

आमच्या गावात कुमार गंधर्व १९४८ च्या सुमारास आले ते क्षयाने आजारी होऊन. पाच-सहा वर्षं गाणं बंद. अंथरुणावर पडून माळव्याच्या बायाबापड्यांची गाणी कानावर पडायची, लग्नाची, ओव्यांसारखी, चार-पाच सुरांत फिरणारी. लाखो लोकांनी ती ऐकली होती. कुमारजींना त्या धुनांत राग दिसले, आणि बरे झाल्यावर त्यांनी ते धुनउगम, म्हणजे धुनांतून उगवलेले, राग मांडले. लगनगंधार, संजारी, मधसुरजा. एका जागी पडून, एकच गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकून दिसलेली शक्यता आहे ही. ही तुमची बहिर्मुख की अंतर्मुख?

---

आडकित्ता | २३ मे

गेलेल्या माणसांना अक्षरं लावू नयेत असं माझं ठाम मत आहे, ना बेंद्र्यांना ना कुमारजींना. पण तुमचा प्रश्न मोलाचा आहे. मी असं म्हणेन की धून बाहेरून आली, आणि ती आत मुरायला वर्षं लागली. एकाच माणसात दोन्ही वाहतं. गणितमास्तर म्हणतात तशी कप्प्यांची भिंत इथे पडते.

---

टेकडीखालचा | २३ मे

मला एवढंच म्हणायचं होतं की मुरणं विसरू नका. सात कल्पना दहा मिनिटांत येणं हे निम्मं झालं.

---

भटकी_मैना | २३ मे

मान्य. पण मुरायला आधी भांड्यात पडावं तर लागतं ना.

---

निळी_छत्री | २३ मे

मी शाळेत समुपदेशक आहे. एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण आजकाल पालक दोन्ही टोकांनी चुकतात.

सतत नवं सुचणं हा आजार नाही. पण अवधानाची अडचण, म्हणजे एडीएचडी, हीसुद्धा "मी ईएनएफपी आहे" या वाक्यामागे लपते. मी काय बघते? त्रास लहानपणापासून आहे का, निदानाच्या निकषांत बाराव्या वर्षाआधी काही लक्षणं असणं धरलं आहे. घर, शाळा, काम, सगळीकडे आहे का. आणि माणसाला स्वतःला जे मनापासून करायचंय तेही हातून निसटतं का. तसं असेल तर तज्ज्ञाकडे जावं, अक्षरांवर थांबू नये. ताईंच्या वर्णनावरून मी काहीही ठरवत नाहीये. नणंद धणे चाळून संपवतात, रोज वेळेवर येतात, एवढं मात्र मी वाचलंय.

शिवाय सुचण्याचा सराव होतो. मानसशास्त्रज्ञ गिलफर्ड यांनी १९५० च्या भाषणात सर्जनशीलतेचा विषय ऐरणीवर आणला आणि पुढे अपसारी विचाराच्या चाचण्या केल्या. विटेचे जमतील तेवढे उपयोग सांगा, असा त्यातला प्रकार. मी मुलांना वीट न देता पोह्यांची रिकामी प्लेट देते. फक्त संख्या बघायची नसते. एक मूल "झाकण, ताटली, थाळी" म्हणतं, तीन उपयोग पण एकाच घरातले. दुसरं म्हणतं "चाक, आरसा, पतंगाची शेपटी", दर वेळी घर बदलतं. दुसऱ्या मुलाकडे ताईंच्या नणंदेची चाल आहे.

---

रामबागेतली | २४ मे

सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. भटकी मैना, तुमचा वाचताना घशाशी आलं. मी खरंच "कामचुकार" म्हटल्यासारखंच बोलले होते.

पण मग मला वाईट वाटतं ते वेगळ्या गोष्टीचं. तिला सात दिसतात, मला एकही नाही. पेरूवर जिरावण, हे २२ वर्षांत माझ्या डोक्यात आलं नाही. माझ्यात तो भागच नाही का?

---

आडकित्ता | २४ मे

आहे. एक विचारतो. गाडीतली एका वेळेची पुडी ऐकल्यावर तुमच्या मनात पहिल्या मिनिटात काय आलं? जसंच्या तसं लिहा.

---

रामबागेतली | २४ मे

पावसाळ्यात ओल धरेल. आमचूर आणि काळं मीठ दोन्ही पाणी ओढतात, गोळे होतील. पुडी गाडीत फुटली तर कुणाच्या तरी कपड्यांवर. लहान पुडीवर वजन, तारीख, परवाना क्रमांक बसणार कुठे. दुकानदार उधारीवर मागतील. कुणी नक्कल करेल आणि त्यात भेसळ निघाली तर नाव आमचं जाईल. सासूबाई काय म्हणतील.

---

आडकित्ता | २४ मे

मोजा. सहा झाल्या, आणि दर वेळी घर बदललंय: हवा, गाडी, छपाई, दुकान, बाजार, माणसं. ही शक्यताच दिसतेय ताई! अंतर्मुख संवेदनाच्या माणसाबद्दल युंगने हेच लिहिलंय की त्याची दबलेली अंतःप्रज्ञा अंधारातले धोके अचूक हुंगते. तुमच्या नणंदेला त्याच वस्तूच्या उजेडातल्या फांद्या दिसतात. गणितमास्तरांना उतरंड मान्य नसेल, तरी ही यादी बघा.

---

गणितमास्तर | २४ मे

यादी मान्य. आणि पहिला मुद्दा, ओलीचा, तो घरीच तपासता येतो. तपासा आणि इथे लिहा.

---

बारीक_सेंव | २४ मे

वहिनी, ही मी. भाचीने धागा पाठवला. "बडीशेप फसवी" एवढं वाचलं आणि कळलं कोणी लिहिलंय.

मला राग आला नाही. त्या दिवशी मी गप्प होते कारण मला लेबलं आठवली होती. मला ती रोज आठवतात. माळ्यावर चढायला लागेल म्हणून मी गणपतीची मखरसुद्धा दादाला काढायला लावते. चिवडा का झाला नाही ते तुला कधी सांगितलं नाही. करून बघितला होता मी, माझ्या घरी, तीन वेळा. चौथ्या दिवशी सादळायचा. तुला विचारलं असतं तर तू दोन मिनिटांत सांगितलं असतंस, पण तू "मी म्हटलं नव्हतं?" म्हणशील अशी भीती वाटली. म्हणून दुसऱ्या कल्पनेकडे पळाले. पळणं मला फार सोपं जातं गं.

उद्या येताना पेरू आणते.

---

लष्करवाला | २४ मे

वाचून फार बरं वाटलं बेटा. पोहे पातळ की जाड घेतलेस? पातळ आधी कडक उन्हात ठेव.

---

विश्वामित्रीकाठी | २५ मे

या धाग्याची वाचनखूण साठवली.

---

रामबागेतली | ८ जुलै

धागा वर काढतेय, कारण गणितमास्तरांनी ओल तपासून इथे लिहायला सांगितलं होतं.

पेरू झाला. आइस्क्रीमही झालं, ते कुणालाच आवडलं नाही, नणंदेला सोडून. लष्करवाल्या काकांचा प्रश्न आमच्याकडे रोज विचारला जातो, आता सासूबाईही विचारतात. मी एक गोष्ट वाढवली. गिरणीच्या खोलीत जुन्या कॅलेंडरची पानं उलटी करून लावली आहेत. घाणा चालू असताना तिला जे सुचेल ते ती तिथे लिहिते, आणि कढई उतरली की मी जाऊन वाचते. मोठ्याने, तिच्यासमोर. परवापर्यंत ४६ झाल्या. त्यातली "करतेय" तिने स्वतः एकच निवडली: गाडीतली २० ग्रॅमची पुडी.

मग ओल तपासली. चार पुड्या भरल्या, दोन साध्या पिशवीच्या आणि दोन आतून चंदेरी अस्तर असलेल्या. चारही न्हाणीघराच्या खिडकीत १५ दिवस. पाऊस २४ जूनपासून लागलाच होता. काल उघडल्या. अस्तराच्या दोन्ही अगदी मोकळ्या, वासही धरून. साध्यांचे गोळे, बोराएवढे, घट्ट. मी म्हणणार होते, "बघ, मी म्हटलं नव्हतं?" शब्द ओठावर आले होते, ते गिळले.

तिने एक गोळा तळहातावर घेतला. फिरवला, नखाने टोकरला, वास घेतला. "वहिनी, ही वडी आहे."

मी विचारलं, "बोलतेयस की करतेयस?"

ती म्हणाली, "ताक आहे का घरात?"

ओल धरलेली नको म्हणून ताजं जिरावण घेऊन, पाण्याचा हबका मारून मीच दोन वड्या दाबल्या आणि तव्याच्या मंद आचेवर सुकवल्या. ग्लासभर ताकात एक टाकली. विरघळायला चार मिनिटं लागली. चव उत्तम, फक्त आमचूर तळाशी बसलं आणि मीठ जरा पुढे आलं. सासूबाईंच्या वहीत त्यांच्या प्रमाणाखाली रेघ मारून मी कालची तारीख टाकली आहे आणि "वडी, मीठ पाऊण" असं लिहिलंय. त्यांना विचारूनच.

आता आमचूर खाली बसू नये म्हणून काय करावं, कुणाला माहीत असेल तर सांगा.

---

कान्हकाठ | ८ जुलै

कपडछान करून घ्या. पातळ मलमलीतून, दोनदा. आणि ताक घुसळल्यावर लगेच टाका, फेस असताना.